तुळस आणि सब्जा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निफाडचं आमचं जुनं घर आणि शेजारच्या काकूंचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे तुळशीवृंदावन, अलीकडे पत्र्याच्या डब्यात अम्माने लावलेला सब्जा. मला खोकला झाला की काकू भिंतीवरून तुळशीची पानं द्यायच्या आणि अम्मा त्यात आलं, मिरी, गूळ घालून काढा करायची. १९८०च्या दशकात रमजान उन्हाळ्यात यायचा. इफ्तारच्या सरबतासाठी सब्ज्याचं बी भिजायचं, तेव्हा एक वाटी पलीकडे जायची. "भाभी, पोटाला गार वाटतं हो याने," असं काकू म्हणायच्या.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनानंतर एका तरुणाने मला विचारलं, "सर, तुमच्या कवितेत तुळस कशी काय?" तेव्हा मी नुसताच हसलो. उत्तर मात्र शोधत राहिलो.

तुळस आणि सब्जा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी. दोघी ऑसिमम या एकाच प्रजातीतल्या. तुळशीच्या पानात लवंगेतलं युजेनॉल हे द्रव्य असतं, म्हणून तिचा वास तिखटसर लागतो. सब्जाचं नाव फारसी 'सब्ज' म्हणजे हिरवा यावरून आलेलं. अरबीत त्याला रैहान म्हणतात. कुराणात 'रहमान' आणि 'वाकिआ' या दोन सूरांमध्ये रैहानचा, म्हणजे सुगंधी वनस्पतीचा, उल्लेख आहे. अरबी सुलेखनातल्या एका नाजूक वळणालाही 'रैहानी' असंच नाव पडलं. ग्रीकांनी या झाडाला 'राजेशाही' या अर्थाचं नाव दिलं. त्यातूनच इंग्रजीतला 'बेसिल' हा शब्द आला. ग्रीक चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायला आजही याची जुडी वापरतात.

आपल्याकडे तुळशीचा मान सर्वांना ठाऊक आहे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीमाळ, वारीत बायांच्या डोक्यावर वृंदावन, कार्तिकात तुळशीचं लग्न आणि अखेरच्या क्षणी मुखात तुळशीपत्र. सब्जाही दर्ग्यावर फुलांबरोबर चढतो आणि माणूस गेला की त्याच्या कबरीवर लावला जातो. निरोपाच्या वेळी दोन्ही घरांना आधार याच कुळाचा.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. महाराष्ट्राने त्यांना संत मानलं. त्यांची भाषा कुणाची, असं कुणी विचारलं नाही. मग माझ्या कवितेतल्या तुळशीला तरी का विचारावं?

निफाडची थंडी कडक. पारा खाली गेला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. अम्माच्या कबरीवरचा सब्जा त्या गारठ्यात करपतो. वाळलेल्या तुऱ्यांतलं बी मी पुडीत बांधून ठेवतो आणि मृगाचा पाऊस झाला की पुन्हा पेरतो.

काकूही आता नाहीत. दोन्ही घरं नव्याने बांधली आणि मधली भिंत डोक्याहून उंच झाली. भिंतीवरून वाटी देता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी भिजवलेल्या सब्ज्याची वाटी घेऊन रस्त्याने वळसा घालून त्यांच्या दारात गेलो. सूनबाईंनी वाटी रिकामी करून घेतली, धुतली आणि परत देताना तिच्यात तुळशीच्या चार मंजिऱ्या ठेवल्या.