बेकारी भत्ता, स्थलांतरितांचा

काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही काम न मिळालेल्या व्यक्तीस शासनाकडून अथवा विमानिधीतून ठराविक काळ मिळणारी रोख रक्कम म्हणजे बेकारी भत्ता. लाभार्थी दुसऱ्या राज्यात गेल्यास ही रक्कम कोणी द्यावयाची, हा प्रश्न संघराज्यांत विशेषत्वाने उद्‌भवतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्यतः ज्या राज्यात वेतन मिळविले, तेच राज्य कामगार अन्यत्र राहावयास गेला तरी भत्ता देते. भारतात मात्र ग्रामीण मजुराचा हक्क त्याच्या गावाशी जोडला गेला. त्याचे परिणाम अजिंठा डोंगररांगेच्या परिसरात स्पष्टपणे दिसतात.

सिल्लोड तालुक्यातील अजिंठा हे गाव मराठवाडा व खानदेश यांच्या सीमेजवळ वसले आहे. ब्रिटिश अमदानीत अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर उत्तरेकडील खानदेश मुंबई इलाख्यात होता. दुष्काळात संस्थानी मुलखातील लोक ब्रिटिश हद्दीतील मदतकामांवर येत आणि त्यांचा भार कोणी सोसावयाचा, असा वाद होई. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये हे दोन्ही प्रदेश महाराष्ट्रात समाविष्ट झाले. त्यामुळे येथील राज्यसीमा नष्ट झाली.

१९७२-७३ च्या दुष्काळाची मोठी झळ मराठवाड्यास बसली. मे १९७३ मध्ये राज्यातील मदतकामांवर सु. ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस या अनुभवाने बळ मिळाले. १९७५ च्या कायद्याने शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी निधी उभारण्यात आला. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास दररोज किमान एक रुपया भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. प्रत्यक्षात तो क्वचितच दिला गेला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. तत्कालीन औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात तो २००६ मध्ये पहिल्याच टप्प्यात लागू झाला. भत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व पुढे किमान निम्मा ठरला. अकुशल कामाची मजुरी केंद्राने, तर भत्ता राज्याने द्यावयाचा होता. त्यामुळे मागणीची दिनांकित पोच देण्यास स्थानिक यंत्रणा नाखूष राहिली आणि पोचेवाचून भत्त्याचा दावा सिद्ध होईना.

रोजगारपत्रक ग्रामपंचायतीकडून मिळे व मागणीही तेथेच नोंदवावी लागे. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. खानदेशातील मजूर गुजरातेत सुरत-बारडोलीकडे जातात. परराज्यातील कारखाना बंद पडला किंवा तोड लवकर संपली, तरी त्यांना तेथील ग्रामपंचायतीकडे काम मागता येत नसे. गावी काम निघाल्याची सूचना मिळूनही १५ दिवसांत हजर न झाल्यास भत्त्याचा हक्क तीन महिने जाई. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने विस्थापन भत्ता व प्रवास भत्ता दिला, परंतु त्यात बेकारी भत्त्याची तरतूद नव्हती.

संघटित कामगारांची स्थिती वेगळी आहे. कर्मचारी राज्य विमा योजना केंद्रीय कायद्यान्वये चालते व विमा क्रमांक राज्य बदलले तरी कायम राहतो. तिच्या अंतर्गत २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना व २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. दुसरीत ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या २५ टक्के मदत होती. ती २०२० मध्ये ५० टक्के करण्यात आली. म्हणजे वाळूजच्या कारखान्यातील विमाधारक आपला हक्क परराज्यात नेऊ शकतो; ऊसतोड मजुराला तो गावीच सोडून जावे लागले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करून हमी १२५ दिवसांची केली. तथापि दिवस वाढल्याने स्थलांतरिताचा प्रश्न सुटत नाही. वर्षातील निम्मा काळ गावाबाहेर काढणाऱ्या मजुरास हमीचा लाभ व्हावयाचा, तर गावात वेळेवर काम निघाले पाहिजे किंवा हक्क त्याच्याबरोबर चालला पाहिजे.