तुंबडी ते कपिंग : पाठीवरच्या गोल डागांची गोष्ट

अकोटवरून बोलतोय.

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा : "भाऊ, कपिंग केल्यानं पाय लवकर मोकळे होतात काय?" विचारणारे जवळपास सगळे पोलीस भरतीवाले. त्यांचंही खरं आहे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला. ऐन वेळी पोटरी आखडली की वर्षभराची मेहनत पाण्यात. मग कोणीतरी रील पाहतो, ऑनलाइन प्लॅस्टिकच्या कपांचा डबा मागवतो, आणि रूमवरच एकमेकांच्या पायांवर प्रयोग सुरू.

उत्तर देतो, पण आधी गोष्ट ऐका.

आपल्यापैकी बहुतेकांना हे प्रकरण २०१६ पासून माहीत आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्स पोहायला उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर जांभळे गोल डाग होते. सुवर्णपदकांइतकीच त्या डागांची चर्चा झाली. आमच्या घरी आबाजी टीव्हीकडे पाहून एवढंच म्हणाले, "ह्याले तं तुंबडी लावली दिसते."

तुंबडी म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात हा भोपळा सापडतो. तिथं रक्त काढायची तीन साधनं सांगितली आहेत. वातानं बिघडलेल्या रक्ताला गाईचं शिंग, पित्तानं बिघडलेल्याला जळू आणि कफानं बिघडलेल्याला भोपळा. शिंग तोंडानं ओढायचं. भोपळ्याच्या आत मात्र पेटता दिवा. आतली गरम हवा थंड होऊन आकसली, की बाहेरच्या हवेचा दाब कातडीला आत ढकलतो. जिममधल्या कपात दिव्याऐवजी हातपंप असतो, एवढाच फरक. ताण पडून कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डाग पडतो. डागातून "घाण बाहेर आली" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ते आपलंच चांगलं रक्त असतं, कातडीखाली सांडलेलं.

पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. सुश्रुताच्या भोपळ्याआधी कातडीवर ओरखडे काढत. युनानीतला हिजामाही बहुतेक वेळा तसाच, कापून रक्त काढायचा. फेल्प्सच्या अंगावर होती ती कोरडी तुंबडी, नुसती ओढ.

ही विद्या एकट्या आपलीच, असंही नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांत ती आहे, चीनमध्ये बांबूच्या नळ्यांनी ती चालायची. ग्रीसमध्ये तर तुंबडीचं धातूचं भांडं हीच वैद्याची ओळख होती, त्यांच्या कबरींच्या दगडांवर ते कोरलेलं सापडतं. जसा आज डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे "स्वतःच्या तुंबड्या भरणे" म्हणजे लोकांना लुटून आपलं भरणं. आता भिक्षेकऱ्याच्या हातातलं भांडंही तुंबडीच, त्यामुळे या वाक्प्रचाराचा सगळा दोष उपचाराच्या माथी मारता येणार नाही. पण आपल्याकडे तुंबडीवाल्याची कबर कोणी कोरली नाही, हे नक्की.

आपल्याकडे तुंबडी होती वैदूंच्या झोळीत. तेलुगूसारखी बोली घरात बोलणारी ही भटकी जमात. झोळीवाले, चटईवाले, दाढीवाले अशा त्यांच्या शाखा. जडीबुटी घेऊन गावोगाव फिरायचं, दुखऱ्या सांध्यावर तुंबडी लावायची, मिळेल ते धान्य घ्यायचं. मग १९६१ साली महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आला आणि नोंदणी नसताना वैद्यकी करणं गुन्हा ठरलं. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एकच पातं दहा जणांच्या कातडीवर फिरवलं तर कावीळ ब आणि एचआयव्ही फुकटात वाटल्यासारखं. जुनं म्हणून डोळे मिटून घ्यावं असंही नाही. आपल्या डोक्यावरच्या मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. तीही परंपराच आहे. मला खटकतं ते वेगळं. झोळीतली तुंबडी भोंदूगिरी ठरली, आणि तीच ओढ प्लॅस्टिकच्या कपातून आली की "रिकव्हरी" होते, तासाचे पैसे लागतात. वैदू मात्र आजही भटक्या जमातींच्या यादीत जातीच्या दाखल्यासाठी चकरा मारतो.

आता तुमचा प्रश्न. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये फायब्रोमायल्जिया या अंगदुखीच्या आजाराच्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींना खरे कप, काहींना ओढ नसलेले खोटे कप, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार. कप लावलेल्यांना थोडं बरं वाटलं, पण खऱ्या आणि खोट्या कपांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे तासभर अंग सैल वाटेल, ते खोटं नाही. पण त्यानं १६०० मीटरची वेळ कमी होते, असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. आखाड्यातल्या पैलवानानं तेलमालिश आणि झोप यावर काम भागवलं, ते काही येडं नव्हतं बावा.

राजेहो, एक गोष्ट मात्र मनावर घ्या. नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखतंय, दाबलं की कळ येते, पळताना वाढतंय, तर तिथं कप लावू नका. डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्यांच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, आणि ती सुरुवातीला एक्स-रेतही दिसत नाही कधीकधी. पळणं थांबवा, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. भरती पुन्हा निघते. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, कातडीवर जखम असेल, तरी कप नको. आणि कापून रक्त काढायचं असेल तर नोंदणी असलेला माणूस आणि समोर फोडलेलं नवं पातं, याखेरीज हात लावू देऊ नका.

जळवांचं राहिलंच. त्यांच्यावर पुढचा अख्खा भाग करू.