एका बेंजोवर तीन मशिनी (तळटीप)

* पनवेल-उरणकडच्या आगरी-कोळी हळदीत आणि वरातीत वाजणारा ‘बेंजो’ म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज १९१२ चा जपानी ताइशोगोतो. गिटारसारखाच त्याचा क्षीण सिग्नल आधी एका अँप्लिफायरमध्ये, वादकांच्या भाषेत ‘मशीन’मध्ये, जातो. वरात लांबली की एका मशिनीचे कर्णे पुरत नाहीत. मग पहिलीच्या ‘लाइन आउट’मधून केबल दुसरीच्या ‘ऑक्स’मध्ये, तिथून तिसरीत. जोडायचा तो फक्त सिग्नल. दोन मशिनींचे स्पीकर-आउट एकमेकांना जोडले तर आउटपुट जळणारच म्हणायचे, म्हणून प्रत्येकीचे कर्णे वेगळे. तेही हवे तितके नाहीत: १६ ओहमचे दोन समांतर लावले की ८ ओहम उरतात, आणि ओहम मशिनीच्या मर्यादेखाली गेले की ती तापू लागते. अशा जोडणीत ऐकू येणारी ‘घूंऽऽ’ बहुधा अर्थिंगची. दोन मशिनींचे अर्थ वीजवायरीतूनही आणि केबलच्या जाळीतूनही जुळले की वर्तुळ पुरे होते. सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे हा त्यावरचा खरा इलाज. प्लगची अर्थ-पिन काढून टाकली तरी घूं थांबते खरी, पण तारांना सतत हात लागणाऱ्या वादकाच्या जिवाशी तो खेळ आहे. – संपा.