ज्या पाण्याचा रक्ताला स्पर्शही झाला नाही

१/ ८ ऑक्टोबर १९५८. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले.

२/ शरीरात बसवलेल्या कृत्रिम वस्तूचे एक वैगुण्य असते. तिला रक्तपुरवठा नसतो. तिच्यावर जंतू बसले की ते चिवट थर तयार करतात आणि त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव फारसा पडत नाही. असे संसर्ग बहुधा त्वचेवरील नेहमीच्या जंतूंमुळे होतात. पुढील कथा मात्र एका दुर्मीळ जंतूची आहे.

३/ १९६१ मध्ये सेनिंग झ्युरिकला प्राध्यापक म्हणून गेले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने त्याच झ्युरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातील डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. कृत्रिम झडप किंवा कृत्रिम रक्तवाहिनी बसवलेले काही रुग्ण दीर्घकाळचा ताप, थकवा आणि घटते वजन घेऊन परतत होते. शस्त्रक्रियेला तर वर्षे उलटली होती.

४/ नेहमीच्या रक्ततपासणीत काहीच सापडत नसे. अखेर जो जंतू हाती लागला, त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम कायमेरा. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा आप्त पाण्यात आणि मातीत राहतो, इतका संथ वाढतो की प्रयोगशाळेत दिसायला आठवडे लागतात. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याची नोंद २००४ मध्ये झाली. सिंह, बोकड आणि सर्प यांच्या संयोगातून कल्पिलेल्या ग्रीक पुराणातील प्राण्याचे नाव त्याला मिळाले.

५/ पाण्यातील जंतू हृदयापर्यंत पोहोचला कसा? १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियेत रक्त थंड वा उष्ण करण्यासाठी पाण्याच्या टाक्या असलेले वेगळे यंत्र वापरले जाऊ लागले. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये भिंत असते. त्यामुळे त्या पाण्यावर सहसा संशय घेतला जात नसे.

६/ झ्युरिकच्या संशोधकांनी पाणी तपासले, तेव्हा त्यात कायमेरा आढळला. मग त्यांनी हवा तपासली. यंत्र चालू असताना हवेतही तो सापडला. बंद असताना सापडला नाही. टाकीतील सूक्ष्म तुषार बाहेर पडत होते आणि उघड्या छातीपर्यंत पोहोचू शकत होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

७/ त्याच वर्षी युरोप आणि अमेरिकेतील आरोग्ययंत्रणांनी इशारे दिले. २०१७ मध्ये अनेक देशांतील नमुन्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली. बहुतांश रुग्णांमधील जंतूंचे साम्य एका समान उगमाकडे, यंत्रे जेथे तयार होत त्या जर्मनीतील ठिकाणाकडे, बोट दाखवत होते.

८/ नोंदवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. अनेक ठिकाणी ही यंत्रे शस्त्रक्रियागृहाबाहेर हलवण्यात आली. परंतु पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांचे काय? त्यांना शोधून सावध करावे लागले.

९/ म्हणूनच रेंगाळलेला ताप घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनी विचारावयाचा एक प्रश्न मोलाचा ठरला: पूर्वी कधी हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का? जुन्या कागदावरील एक तारीख येथे निदानाचा पहिला पुरावा होती.