हंगेरीच्या फुटबॉलची गुरुपरंपरा

अमुक राष्ट्राचा खेळ असाच असायचा, असे आपण सहज बोलून जातो. ब्राझीलचा खेळ नृत्यासारखा, जर्मनांचा शिस्तीचा, इंग्रजांचा धसमुसळा. आणि हे गुण जणू त्या त्या लोकांच्या रक्तातूनच वाहत येतात, अशी आपली समजूत असते. ज्या समाजात गाणे घराण्यावरून ओळखले जाते, त्या आपल्या समाजाने तरी ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. केरीच्या केसरबाई केरकरांची गायकी त्यांना जन्माने मिळाली नव्हती. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत वर्षानुवर्षे कष्ट करून त्यांनी ती मिळविली होती. खेळाचेही असेच असते काय? हंगेरीच्या फुटबॉलचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. युरोप खंडातील कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरविले नव्हते. हिडेगकुटी हा नावाने सेंटर-फॉरवर्ड. परंतु तो पुढे न थांबता मागे सरकून खेळे, आणि त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे, हे इंग्रज बचावपटूंना अखेरपर्यंत उमगले नाही. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला आणि एकंदर तीन केले. पुश्काशने दोन, बोझिकने एक. पुढील वर्षी मे महिन्यात बुडापेस्ट येथे हंगेरीने इंग्लंडला ७-१ असे हरविले. असा खेळ हंगेरीच्याच मातीत उपजू शकतो, असे तेव्हा अनेकांना वाटले. वस्तुतः त्याचे मूळ हंगेरीत नव्हतेच.

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. एकेका गड्याने चेंडू पायाशी ठेवून एकट्याने धावत सुटावे, ही तेव्हाची इंग्रजी रीत होती. स्कॉटलंडकडून उतरलेले अकराही गडी क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे होते; अंगापिंडाने थोराड अशा प्रतिस्पर्ध्यांपुढे त्यांनी चेंडू एकमेकांकडे देत खेळण्याचा मार्ग धरला. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. पण चेंडू देत-घेत खेळण्याची ही विद्या पुढे ‘स्कॉटिश पद्धत’ म्हणून नावारूपास आली.

ती बुडापेस्टला नेणाऱ्यांत जॉन टेट रॉबर्टसन हे स्कॉटिश खेळाडू होते. १९११ च्या सुमारास ते एमटीके या क्लबाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्यामागून आले जिमी हॉगन. लँकेशायरमध्ये १८८२ साली जन्मलेले हे इंग्रज गृहस्थ फुलहॅमकडून खेळत असताना स्कॉटिश पद्धतीचे भक्त बनले होते. १९१२ साली ह्यूगो माइस्ल यांनी त्यांना शिकविण्यासाठी व्हिएन्नाला बोलाविले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ते अटकेत पडले. पुढे एमटीके क्लबाच्या वजनदार चालकांनी खटपट केली, म्हणून त्यांना बुडापेस्टमध्ये राहून खेळ शिकविण्याची मुभा मिळाली.

युद्धामुळे तरणेताठे खेळाडू सैन्यात गेलेले. हॉगन यांनी पोरांकडे दृष्टी वळविली. एका बागेत चेंडू खेळत असलेली ग्यॉर्गी ओर्थ व योझेफ ब्राउन ही दोन शाळकरी मुले त्यांच्या नजरेत भरली. शाळा सुटली की रोज ती दोघे त्यांच्यापाशी मैदानावर हजर असत. चेंडू आधी ताब्यात घेणे, तो जमिनीलगत ठेवणे, आणि देण्यापूर्वी सोबती कोठे आहे ते पाहणे, हाच त्यांचा पाठ. १९१६-१७ पासून १९२४-२५ पर्यंत देशाचे प्रत्येक अजिंक्यपद एमटीकेने मिळविले. हॉगन तर युद्ध संपताच मायदेशी गेले होते. म्हणजे गुरू गेल्यानंतरही विद्या क्लबात मुरलेली होती.

याच क्लबात, नाव बदलले असले तरी, पुढे मार्टन बुकोवी यांनी सेंटर-फॉरवर्डला मागे घेण्याचा प्रयोग केला, आणि हिडेगकुटी तेथलाच. पुश्काश व बोझिक हे मात्र बुडापेस्टनजीकच्या किश्पेश्ट वस्तीतील शेजारी. मोकळ्या जागेत दिवसभर चेंडू खेळत ते वाढले आणि तेथल्याच क्लबात तयार झाले. एकीकडे मोकळे रान, दुसरीकडे जाणत्या माणसाची शिकवण. दोन्ही मिळून तो संघ घडला. वेम्बलीच्या त्या दिवशी एकाहत्तर वर्षांचे हॉगन ॲस्टन व्हिला क्लबाच्या मुलांना घेऊन प्रेक्षकांत बसले होते. युद्धाच्या काळात शत्रूच्या देशात राहिले, म्हणून स्वदेशात त्यांची उपेक्षाच झाली होती; हंगेरीच्या संघाचे प्रमुख गुस्ताव शेबेश यांनी मात्र आपला संघ हॉगन यांनी शिकविले तसाच खेळला, असे मोकळेपणाने मान्य केले.

परंपरेचा दुसरा धर्मही हंगेरीनेच दाखविला. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश, कोचिश व चिबोर परदेशीच राहिले. तेवढ्याने खेळ बुडाला नाही. १९६४ व १९६८ या दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदके हंगेरीकडेच गेली. परंतु ओघ क्षीण होत गेला. १९८६ च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाने हंगेरीला ६-० असे हरविले, आणि त्यानंतर २०२२ पर्यंत एकाही विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत तिला प्रवेश मिळाला नाही. रक्त तर तेच होते! उलट, एमटीकेचेच जुने खेळाडू बेला गुटमन १९५७ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलो संघाला शिकवीत होते, आणि पुढे पोर्तुगालच्या बेन्फिकाला त्यांनी १९६१ व १९६२ साली युरोपचा चषक मिळवून दिला. विद्या गुरूबरोबर गेली.

आपल्या देशातही हाच अनुभव आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या भारताला १०-१ असे हरविले. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २-० असे नमवून हंगेरीने सुवर्णपदक घेतले. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, मूळचे शिक्षक. त्या पराभवाने खचून न जाता त्यांनी नव्या पद्धती अभ्यासिल्या. मुलांसाठी केवळ दुबळ्या पायाने खेळण्याच्या स्पर्धाही भरविल्या. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. १९५६ साली मेलबर्न येथे भारत चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथे त्याने आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९६३ साली रहीमसाहेब निवर्तले. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा लाभले नाही.

भजनी मंडळात लहान मुलाच्या हाती प्रथम टाळ देतात. पखवाजाची पाळी पुष्कळ वर्षांनी येते, आणि ती यावी म्हणून कोणी तरी जाणता त्याच्याशेजारी रोज बसावा लागतो. आमच्या रक्तात फुटबॉल आहे की नाही, या वादात म्हणूनच अर्थ नाही. दहा वर्षांच्या मुलाला खेळायला मोकळी जागा कोठे आहे, आणि संध्याकाळी त्याच्याजवळ कोण उभे आहे, एवढेच आपण पाहावे.