मृदेची धूपप्रवणता
पाऊस व वाहत्या पाण्याने माती किती सहज वाहून जाते, हे बरेचसे तिच्या गुणधर्मांवर ठरते. रेतीचे कण जड, चिकणमातीचे एकमेकांना घट्ट धरून असलेले. मधल्या आकाराचे पोयट्याचे कण मात्र हलके व सुटे असल्याने सर्वाधिक धुपतात. सेंद्रिय पदार्थ कणांचे टिकाऊ पुंजके बांधतात.

दख्खनची काळी माती या बाबतीत फसवी आहे. चिकण असूनही ती धुपते. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व पहिला पाऊस त्यांत मुरतो. पुढे माती फुगून भेगा मिटतात, पाझर मंदावतो आणि जोराच्या सरीचे पाणी सौम्य उतारावरूनही माती घेऊन वाहते. अशा शेतातील बांधांना सांडवा ठेवावाच लागतो. नाहीतर तुंबलेल्या पाण्याने बांध फुटतात.