एका छायाचित्राचे साल

सोमेश्वरनगरच्या एका कुटुंबाने जपून ठेवलेले छायाचित्र काही दिवसांपूर्वी आमच्या हाती आले. पत्र्याच्या छपराखाली आजोबा पान्हा घेऊन उभे आहेत, शेजारी त्यांचे दोघे भाऊ, आणि मोटारीच्या पायरीवर थोरला मुलगा बसला आहे. गॅरेजची शताब्दी साजरी करावयाची म्हणून नातवंडांनी चौकटीखाली ‘सोमेश्वरनगर, १९२६’ असे कोरण्याचे ठरविले होते. मजकूर तपासून द्यावा, एवढीच त्यांची आम्हांस विनंती होती.

प्रथम खटकले ते गावाचे नाव. निरा-बारामती रस्त्यावरील ही वस्ती साखर कारखान्याभोवती वाढली, आणि सोमेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी. १९२६ साली येथे डावा कालवा वाहत होता, सोमेश्वरनगर नव्हते.

साल ठरविताना कुटुंबाची सारी भिस्त मोटारीवर होती. ती फोर्डची ‘मॉडेल टी’ आहे, हे खरे. रेडिएटरचे कवच पितळेचे नसून काळे आहे. तसे ते १९१७च्या सुमारास आले, आणि १९२७ साली ही मोटार बनविणेच बंद झाले. परंतु मोटार कधी बनली आणि चित्र कधी निघाले, हे दोन निराळे प्रश्न होत. दुरुस्तीच्या दुकानात जुन्याच गाड्या यावयाच्या!

भिंतीवर ‘बर्मा-शेल’ची पाटी आहे. ही कंपनी १९२८ साली स्थापन झाली. म्हणजे त्यापूर्वीचे हे चित्र असू शकत नाही.

खरा उलगडा झाला तो कोपऱ्यातील सर्व्हिस मोटारीमुळे. तिच्या पाठीमागे पाण्याच्या बंबासारखे उंच पिंप बसविलेले दिसते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा प्रवासी मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. पिंपात कोळसा अपुऱ्या हवेत जळे. निघणारा वायू थंड करून, गाळून इंजिनाला पुरविला जाई. इंजिनाचा जोर कमी होई, गाळण्या काजळीने तुंबत, चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. अशा दिवसांत मिस्त्रीला उसंत कुठली?

राहिला तो पायरीवरील मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर १९३४ साल आहे, आणि चित्रात तो दहा-अकरा वर्षांचा दिसतो. चारही धागे १९४४-४५च्या आसपास एकत्र येतात.

हे सांगताच घरात शांतता पसरली. ‘म्हणजे आमचे आजोबा खोटे बोलले?’ असे थोरल्या नातीने विचारले. मुळीच नाही. गॅरेज १९२६ साली सुरू झाल्याची घरातील आठवण या चित्रामुळे खोटी ठरत नाही. तिला आधार मात्र दुसरीकडे शोधावा लागेल. या चित्राची साक्ष वेगळी आहे. पेट्रोल मिळत नव्हते, सुटे भाग येत नव्हते, तरीही बनविणे थांबून सतरा वर्षे लोटलेली मोटार या तिघा भावांनी चालती ठेवली होती. शंभर वर्षांच्या आकड्याहून हा मान आम्हांस मोठा वाटतो.

चौकट कोरी ठेवण्याचे ठरले. चित्राच्या पाठीवर आम्ही पेन्सिलीने लिहिले: ‘निरा-बारामती रस्ता, सुमारे १९४४’, आणि खाली त्याची कारणेही लिहिली. उद्या कोणास अधिक सबळ पुरावा मिळाला, तर पेन्सिलीचे अक्षर खोडता येते.